गरम पाण्याने विषाणू पोटात जाऊन मरतो? खुलासा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर 2020 पासून एक सल्ला फिरतो: दर 15 मिनिटांनी गरम पाणी प्या, घशातला कोरोना पोटात जाईल आणि आम्लात मरेल.

मुळात विषाणू घशात पाण्याची वाट बघत बसत नाही. श्वासातून आला की नाकातल्या पेशींवरच्या एसीई-2 या प्रथिनाला त्याचा काटा अडकतो आणि तो आत शिरतो. पेशीत गेलेला विषाणू पाण्याने कसा धुणार?

आता पोटाचं. रिकाम्या जठराचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण 1.5 ते 3.5 असतो, पण जेवणानंतर किंवा ॲसिडिटीच्या गोळीने तो वाढतो, म्हणजे आम्ल सौम्य होतं आणि विषाणू तग धरू शकतो. आणि पुढे लहान आतड्यात तर एसीई-2 भरपूर! तिथे ते अमिनो आम्लं शोषायला मदत करतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींना हा विषाणू लागण करतो, हे 2020 मध्येच दिसलं. काही रुग्णांना खोकल्याआधी जुलाब होतात, ते कदाचित यामुळेच.

तसे झाले तर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा). मीठ जास्त झालं तर अपाय होतो.