रताळ्याचा रानटी सगोत्रांशी संकर

लागवडीच्या रताळ्यात (आयपोमिया बटाटास) त्याच्या रानटी नातलगांचे गुण उतरवण्याची पैदास पद्धत. सूत्रकृमींना प्रतिकार आणि कंदात जास्त पिष्ट हे तिचे नेहमीचे हेतू.

कोकणात हा विषय निघाला की मर्यादवेलीचे नाव हमखास येते. खाऱ्या वाळूत ती तगते, फूलही रताळ्यासारखेच जांभळे. पण दोघी आयपोमियाच असल्या तरी गट वेगळा. तिच्या परागाने रताळ्यात बी धरत नाही. उलट रताळ्याचे कंद पोखरणारा सोंडे भुंगा तिच्यावर पोसला जातो. खरे नातलग बहुतेक अमेरिका खंडांतले, सर्वांत जवळचा आयपोमिया ट्रायफिडा.

रताळ्यात गुणसूत्रे ९०, ट्रायफिडाच्या साध्या रोपात ३०. थेट संकरात बी क्वचितच मिळते. म्हणून ६० आणि ३० गुणसूत्रांच्या रानटी झाडांचा संकर करून, त्या ४५ वाल्या रोपाची गुणसूत्रे कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट करतात. ९० जमली की रताळ्याशी जोडी लागते. जपानमध्ये मेक्सिकोतून आणलेले ९० गुणसूत्रांचेच रानटी झाड वापरले गेले. त्यातून १९७५ मध्ये आलेल्या 'मिनामियुताका' वाणात रानटी अंश एक अष्टमांश आहे.

कोकणात संकराचे काम नोव्हेंबर ते जानेवारीत करावे. दिवस ११ तासांच्या आसपास येतो, वेली फुलतात. पावसाळ्यात पराग भिजून फुटतात. न फुलणाऱ्या वाणाचे बेशरमीच्या खुंटावर कलम करून वेल मांडवावर चढवली तर फुले येतात. बेशरमही आयपोमियाच; परागासाठी निरुपयोगी असले तरी हे झाड इथे कामी येते. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी चिरून पाचही पुंकेसर काढावेत आणि मधमाश्या शिरू नयेत म्हणून कळी कागदी नळीने झाकावी. नराच्या कळ्यांची टोकेही दोऱ्याने बांधावीत. पराग सकाळी लवकर कुक्षीवर लावावा. दुपारपर्यंत फूल मिटते. चार-पाच दिवसांत फूल देठासकट गळले तर बी धरले नाही असे समजावे. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो: रताळ्याला स्वतःचा पराग चालत नाही, आणि काही वाण एकमेकांचाही घेत नाहीत. जोडी बदलून पाहावी.

बोंड साधारण महिन्याभरात वाळते. आत जास्तीत जास्त चार बिया, बहुधा एक-दोनच. कवच दगडासारखे असल्याने नेलकटरने टोचा मारावा, मात्र नाभीच्या (बी जिथे बोंडाला चिकटलेले असते त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला, नाहीतर अंकुर दुखावतो.

पहिल्या पिढीची मुळे पेन्सिलीएवढी बारीक आणि धाग्याची निघतात. निराश होऊन ती फेकू नयेत. रताळ्याशी पुन्हा दोन-तीनदा संकर केल्यावर कंद भरतात. दर पिढीत शेकडो रोपांतून मोजकीच ठेवायची, तीही उकडून चव पाहून. चांगले रोप हाती लागले की काम सोपे: २०-३० सेंमीचे वेलीचे तुकडे लावले की गुण जसेच्या तसे राहतात.

सोंडे भुंग्याला पूर्ण दाद न देणारा वाण मात्र या मार्गानेही निघालेला नाही. त्यासाठी वरंब्याच्या भेगा मातीने बुजवणे आणि बांधालगतची मर्यादवेल उपटणे हेच चालू ठेवावे लागते.