बालिकपापनचं तेल जपानला मिळालंच नाही?

‘दुसऱ्या महायुद्धात डचांनी बोर्निओ बेटावरचं आपलं तेलबंदर बालिकपापन जाळलं, म्हणून जपानच्या हाती तेलाचा थेंब लागला नाही’ ही समजूत अजून फिरते आहे. जाळपोळ खरी, निष्कर्ष चुकीचा.

जानेवारी १९४२ मध्ये डचांनी काम कसून केलं होतं. तेलविहिरीतला नळ वरून सुमारे पन्नास फुटांवर कापायचा, पंपासकट आत सोडायचा, वर नटबोल्ट आणि जड ड्रिल-बिटं टाकायची, शेवटी टीएनटी या स्फोटकाचा डबा. बाहेरची केसिंग, म्हणजे विहिरीचं पोलादी अस्तर, फाटली की ती विहीर साफ करणं म्हणजे डोकेदुखी. शुद्धीकरण कारखानाही पेटवला. गंमत म्हणजे त्याच आगीच्या उजेडात २४ जानेवारीच्या पहाटे अमेरिकेच्या चार विनाशिकांना जपानी जहाजं स्पष्ट दिसली आणि चार वाहतूक जहाजं बुडाली. बंदर मात्र गेलंच. जपानी सैन्य आधीच उतरू लागलं होतं.

पण बुजते ती विहीर, खालचा साठा नव्हे. शेजारी नवं भोक पाडता येतं. जपान्यांनी तेलतंत्रज्ञ सोबतच आणले होते. दक्षिणेकडच्या, जपानच्या ताब्यातल्या तेलक्षेत्रांचं उत्पादन १९४२ मध्ये सुमारे २.६ कोटी बॅरल होतं, ते १९४३ मध्ये ५ कोटींच्या घरात गेलं.

अडलं ते वाहतुकीत. अमेरिकी पाणबुड्यांनी टँकर टिपले. जपानची तेलआयात १९४३ मध्ये अंदाजे १.४५ कोटी बॅरल होती. १९४४ मध्ये ती ५० लाखांवर आली, १९४५ मध्ये जवळपास शून्य. ऑस्ट्रेलियन सैन्य १ जुलै १९४५ ला बालिकपापनला उतरलं, तेव्हा तिथून तेल नेणारं कुणी उरलंच नव्हतं.