रेझिन-भरणाचे संगणकीय सिम्युलेशन

साच्यात रचलेल्या कोरड्या कार्बन किंवा काचतंतूंच्या कापडात रेझिन (तंतूंना बांधून ठेवणारा, नंतर घट्ट होणारा द्रव) कसे पसरेल, साचा किती वेळात भरेल आणि रेझिन कसे घट्ट होईल, याचे संगणकावर आधीच केलेले गणित. पवनचक्कीची पाती, बोटींचे सांगाडे, विमानाचे पंख अशा मोठ्या भागांसाठी ते विशेष उपयोगी पडते. तिथे भरण फसले की महागडे कापड आणि रेझिन थेट भंगारात जाते.

सच्छिद्र पदार्थातून द्रव किती वेगाने झिरपतो हे सांगणारा मुळातला नियम जुना आहे. दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम केलेले फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी तो १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी मांडला. इथे वाळूच्या जागी कापड येते आणि रेझिनचा दाटपणाही हिशेबात धरावा लागतो. दाब कायम ठेवून एका टोकाकडून भरत गेल्यास लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अर्धा मीटर कापड १० मिनिटांत भिजले, तर एक मीटरला ४० मिनिटे. तोवर रेझिनच दाट होऊ लागले, तर पुढचे कापड कोरडे राहते. म्हणून रेझिन कुठून सोडायचे आणि हवा कुठून ओढायची, हे आधी पडद्यावर ठरवतात. डेलावेअर विद्यापीठाचे ‘लिम्स’ आणि ईएसआय ग्रुपने विकसित केलेले ‘पॅम-आरटीएम’ ही त्यासाठीची परिचित सॉफ्टवेअर.

गणित सोडवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. घोडे अडते ते कापडाच्या पारगम्यतेपाशी, म्हणजे त्यातून द्रव किती सहज वाहतो या आकड्यापाशी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनेत तेच कापड वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी आपापल्या पद्धतीने मोजले, तर आकड्यांत दहापटीपर्यंत तफावत निघाली. सर्वांना एकच पद्धत ठरवून दिल्यावर ती बरीच आटोक्यात आली. शिवाय कापणी जराशी चुकून साच्याच्या कडेला मिलिमीटरभर फट राहिली, तरी रेझिन कापड सोडून तिथूनच पुढे धावते, हवा काढण्याच्या तोंडाशी आधी पोहोचते आणि मध्ये कोरडा डाग अडकतो. ही फट आराखड्यात नसते. त्यामुळे जाणते अभियंते एकाच उत्तरावर न विसंबता कडेच्या निरनिराळ्या फटी गृहीत धरून तेच भरण अनेकदा चालवून पाहतात.

भरणानंतर रेझिन पक्के होण्याचा टप्पा येतो. या क्रियेत उष्णता सुटते. जाड भागात ती आतच कोंडून तापमान भट्टीच्याही वर जाऊ शकते. थंड होताना भाग जाडीच्या दिशेने जास्त आकसतो आणि काटकोनी कोपरा साच्याबाहेर ९० अंशांपेक्षा थोडा कमी भरतो. हा फरक बहुधा अंश-दोन अंशांचाच असतो, पण जोडणीच्या वेळी नडतो; तो आधीच गणिताने काढता आला, तर साच्याचा कोपराच तेवढा उघडा ठेवतात.