लिंकन आणि डेव्हिस : यादवी युद्धातील दोन मुलांचे मृत्यू आणि त्यांची दफने

पहिले महायुद्ध चालू असताना, जून १९१८ मध्ये, राजर्षी शाहू छत्रपतींचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून वारले. तेव्हा त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते आणि महाराज सैन्यभरतीच्या कामात गुंतलेले होते. पुढे महाराजांनी विरोध न जुमानता विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, सोनतळी येथे ठेवून शिकवले, हा भाग कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे. राज्यकर्त्याच्या घरातला मृत्यू आणि युद्धकाळचा राज्यकारभार असे एकमेकांत अडकतात, त्याचे अधिक जुने उदाहरण अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) मिळते. तेथे परस्परांविरुद्ध लढणाऱ्या दोन्ही अध्यक्षांनी युद्ध चालू असतानाच एकेक मुलगा गमावला.

उत्तरेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा मुलगा विली २० फेब्रुवारी १८६२ रोजी व्हाइट हाउसमध्ये वारला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आजार बहुधा विषमज्वराचा होता आणि पोटोमॅक नदीचे दूषित पाणी हे त्याचे कारण मानले जाते. धाकटा टॅडही त्याच तापाने अंथरुणाला खिळला होता. ५ फेब्रुवारीला खाली मोठा स्वागतसमारंभ चालू असताना आईवडील मधूनमधून वर जाऊन विलीला पाहून येत होते. १६ तारखेला दक्षिणेचा डोनेल्सन किल्ला पडला आणि उत्तरेला युद्धातले पहिले मोठे यश मिळाले, पण ते साजरे करण्याची मनःस्थिती अध्यक्षांच्या घरी नव्हती.

विलीला अखेरची आंघोळ घालून कपडे चढवले ते त्याची आई मेरी लिंकन यांचे कपडे शिवणाऱ्या एलिझाबेथ केकली यांनी. गुलामगिरीत जन्मलेल्या, शिवणकामाच्या कमाईच्या आधारे १८५५ मध्ये स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेल्या या बाईंचा एकुलता मुलगा ऑगस्ट १८६१ मध्ये उत्तरेच्या बाजूने लढताना मारला गेला होता. युद्धापूर्वी त्या वॉशिंग्टनमध्ये पुढे दक्षिणेचे अध्यक्ष झालेल्या जेफरसन डेव्हिस यांच्या पत्नीचेही कपडे शिवत असत. दोन्ही घरांचा उंबरा ओलांडलेली अशी दुसरी साक्षीदार इतिहासात क्वचितच सापडेल.

प्रार्थना २४ फेब्रुवारीला व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये झाली. त्या दिवशी शहरात मोठे वादळ होते. मेरी लिंकन खोलीबाहेर आल्याच नाहीत. शवपेटी जॉर्जटाउनमधील ओक हिल दफनभूमीत नेली, पण ती तेथे कायमची पुरली नाही. सर्वोच्च न्यायालयाचे कारकून विल्यम कॅरल यांच्या कुटुंबाच्या दगडी कबरगृहात ती तात्पुरती ठेवण्यात आली. आपल्याकडे अंत्यविधी लवकरात लवकर उरकून पंचगंगेत अस्थी सोडल्या जातात, त्यामुळे परक्याच्या कबरगृहात तीन वर्षे ठेवलेली पेटी आपल्याला चमत्कारिक वाटते. कारण मात्र साधे होते. लिंकन यांचे घर इलिनॉयमधील स्प्रिंगफील्डला होते आणि मुदत संपली की मुलाला सोबत घेऊन घरी परतायचे, असा बेत होता. लिंकन त्या कबरगृहात वारंवार जात असत, एवढे मानायला हरकत नाही. पेटी उघडून बसल्याच्या कथा मात्र पुढे बऱ्याच रंगवल्या गेल्या, त्या जपूनच वाचाव्यात.

दोन वर्षांनी दक्षिणेची राजधानी रिचमंड येथे ३० एप्रिल १८६४ रोजी जेफरसन डेव्हिस यांचा पाच वर्षांचा मुलगा जोसेफ अध्यक्षनिवासाच्या सज्जातून खाली पडला आणि थोड्याच वेळात गेला. आई व्हॅरिना, ज्या तेव्हा गरोदर होत्या, त्या वेळी पतीसाठी कार्यालयात जेवण घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या आठवणींनुसार त्या दिवशीही युद्धाचा खलिता आला, डेव्हिस यांनी उत्तर लिहिण्याचा प्रयत्न केला आणि हा एक दिवस मुलाजवळ राहू द्या, असे सांगून तो सोडून दिला. दुसऱ्या दिवशी हॉलिवुड दफनभूमीत जोसेफला पुरले, तेव्हा शहरातली असंख्य मुले फुले घेऊन आली होती. ५ मे रोजी विल्डरनेसची लढाई सुरू झाली. डेव्हिस यांनी तो सज्जा पाडून टाकला.

एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पडले आणि ४ तारखेला स्वतः लिंकन त्याच घरात येऊन डेव्हिस यांच्या खुर्चीवर बसले. दहाच दिवसांनी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि त्यात ते वारले. २१ एप्रिलला वॉशिंग्टनहून निघालेल्या आगगाडीत दोन पेट्या होत्या, कारण विलीची पेटी कॅरल यांच्या कबरगृहातून बाहेर काढली होती. सुमारे २,६०० किलोमीटरचा प्रवास करून ४ मे रोजी स्प्रिंगफील्डच्या ओक रिज दफनभूमीत दोघांनाही ठेवण्यात आले. घरी परतण्याचा बेत असा पुरा झाला.

डेव्हिस यांच्या बाबतीत प्रवास उलट दिशेने झाला. पराभवानंतर ते दोन वर्षे मन्रो किल्ल्यात कैदेत होते आणि जोसेफची कबर रिचमंडमध्येच राहिली. १८८९ मध्ये ते न्यू ऑर्लिन्सला वारले व तेथेच त्यांचे दफन झाले. मात्र १८९३ मध्ये त्यांचे अवशेष हॉलिवुड दफनभूमीत, जोसेफ होता तेथे, आणण्यात आले. आधीच वारलेल्या त्यांच्या इतर मुलांचे अवशेषही नंतर तेथेच हलवले गेले.