विशेष शिक्षणातील प्रगतिमापन

दिव्यांग किंवा अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात विशिष्ट अडचण) असलेल्या विद्यार्थ्याला आज काय येते, काय किती मदतीने जमते आणि ठरवलेल्या उद्दिष्टाकडे तो कसा सरकतो आहे, हे ठरावीक काळाने मोजून नोंदवण्याची पद्धत. नेहमीच्या परीक्षेत मुलाची तुलना वर्गाशी होते. इथे ती त्याच्याच मागच्या नोंदीशी होते. म्हणून ही नोंद जितकी नेमकी, तितके पुढचे शिकवणे नेमके.

निदान आणि प्रगतिमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुद्धिमापन चाचणी किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मुलाला सवलती आणि सेवा मिळवून देते. बिने-कामत चाचणी (१९३४) मुळात मराठी आणि कानडी मुलांसाठीच बेतलेली असल्याने महाराष्ट्रात ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. पण बुद्ध्यंक ५२ आला म्हणून सोमवारी सकाळी त्या मुलाला काय शिकवायचे, हे कळत नाही. ते कळते मूल जेवताना, वहीत लिहिताना, दप्तर भरताना पाहिल्यावर.

कामाची सुरुवात पायाभूत नोंदीने होते. शिकवायला घेण्यापूर्वी मूल ते कौशल्य कितपत करते, हे वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा पाहतात, कारण तापातून उठलेले किंवा अनोळखी माणसापुढे बुजलेले मूल एका दिवसात आपले खरे रूप दाखवत नाही. त्यावरून वर्षाची आणि तिमाहीची उद्दिष्टे ठरतात आणि वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार होतो. असा लेखी आराखडा कायद्याने बंधनकारक करण्याची सुरुवात अमेरिकेत १९७५च्या कायद्याने झाली. भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ने प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती आणि शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली आहे.

उद्दिष्ट मोजता येईल असे लिहिणे हा या कामाचा कणा. ‘स्वावलंबन वाढवणे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. ‘शर्टाची समोरची चार बटणे कोणी न सांगता लावेल’ हे उद्दिष्ट. मग त्या कृतीच्या पायऱ्या पाडतात: बटण चिमटीत धरणे, दुसऱ्या हाताने काज ताणणे, बटणाची कड काजात सरकवणे, पलीकडून ती पकडणे, ओढून घेणे. पुष्कळ शिक्षिका शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. बाकीचे सगळे त्या करून देतात आणि ओढून घेण्याचे तेवढे मुलावर सोपवतात. बटण लागल्याचे समाधान पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येते. नोंदवहीत रोज प्रत्येक पायरीपुढे मदतीची खूण पडते. जूनमध्ये हात धरून करवून घ्यावी लागलेली पायरी ऑगस्टमध्ये नुसत्या ‘हं, पुढे?’ एवढ्यावर होत असेल, तर ती मोठी प्रगती आहे. ‘येते’ आणि ‘येत नाही’ असे दोनच रकाने असलेल्या प्रगतिपुस्तकात ती कुठेच दिसत नाही.

मदतीची ही उतरंड भारतीय साधनांत अंकांनी बांधलेली आहे. बौद्धिक दिव्यांगत्वावर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत पेशावरिया आणि वेंकटेशन यांनी १९९२मध्ये तयार केलेल्या ‘बेसिक-एमआर’ या मापनश्रेणीत स्वतंत्रपणे केल्यास ५, इशाऱ्याने केल्यास ४, तोंडी सांगत राहावे लागल्यास ३, हात धरून करवावे लागल्यास २, पूर्ण अवलंबून असल्यास १ आणि कृती लागूच नसल्यास ० असे गुण आहेत. तिच्या पहिल्या भागात ७ क्षेत्रांतली २८० कौशल्ये, तर दुसऱ्या भागात समस्यावर्तनाच्या (मारणे, चावणे अशा वागण्याच्या) ७५ बाबी आहेत. मद्रासमध्ये विकसित झालेली ‘एमडीपीएस’ (मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम) प्रणाली १८ क्षेत्रांत प्रत्येकी २०, म्हणजे ३६० बाबी तपासते. ‘एफएसीपी’ (फंक्शनल असेसमेंट चेकलिस्ट फॉर प्रोग्रॅमिंग) या पडताळासूचीत मुलांचे पूर्वप्राथमिकपासून पूर्वव्यावसायिकपर्यंत स्तर केले आहेत आणि ८० टक्के बाबी साध्य झाल्या की मूल वरच्या स्तरात जाते. ही सगळी साधने मुख्यतः बौद्धिक दिव्यांगत्वासाठी आहेत. श्रवणदोष किंवा दृष्टिदोष असलेल्या मुलाला ती जशीच्या तशी लावणे अन्यायाचे होईल.

अध्ययन अक्षमतेसाठी वेगळी रीत लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले अभ्यासक्रमाधारित मापन साधे आहे: त्या इयत्तेचा उतारा मूल एक मिनिट मोठ्याने वाचते आणि बरोबर वाचलेले शब्द मोजले जातात. हे नियमित केले की आलेखावर रेघ उमटते. उद्दिष्टाच्या रेघेखाली (आजच्या पातळीपासून ठरवलेल्या उद्दिष्टापर्यंत आखलेल्या रेघेखाली) सलग चार बिंदू आले, तर शिकवण्याची पद्धत बदलायची. दोष पद्धतीत शोधायचा, मुलात नाही, ही या रीतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. मराठीत शब्दसंख्येबरोबर चुकांचा प्रकारही लिहून ठेवावा लागतो: ‘ध’च्या जागी ‘घ’, ‘भ’च्या जागी ‘म’, गळालेला अनुस्वार, जोडाक्षरापाशी होणारा थांबा. दोन मुलांनी मिनिटाला सारखेच २५ शब्द वाचले आणि एक अक्षरांच्या गोंधळात, तर दुसरे जोडाक्षरांत अडकत असेल, तर दोघांचा पुढचा आठवडा वेगळा आखायला हवा.

समस्यावर्तन मोजताना ते किती वेळा घडले याबरोबर त्याच्या आधी काय झाले आणि नंतर काय मिळाले, हेही टिपतात. गणिताची वही उघडताच चावणारे मूल आणि डबा संपल्यावर चावणारे मूल वेगवेगळ्या गोष्टी सांगत असते.

घरची नोंद नसेल तर चित्र अर्धेच राहते. शाळेतल्या नळावर हात धुणारे मूल घरी बादली आणि तांब्यापुढे थबकते, कारण तिथे एका हाताने पाणी ओतावे लागते. ‘शाळेत करतो म्हणता, घरी कुठे करतो?’ हा आईचा प्रश्न तक्रार म्हणून ऐकू नये. कौशल्य अजून एकाच जागी अडकले आहे, ही त्यातली माहिती आहे. नळ, बादली आणि मावशीच्या घरचे बेसिन अशा तिन्ही ठिकाणी जमले, तरच ते साध्य धरावे.

सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या दिव्यांग मुलाचे मूल्यमापन इतरांप्रमाणेच आकारिक (वर्षभराच्या रोजच्या कामावरून) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेवरून) पद्धतीने होते. लेखनिक, वाढीव वेळ, तोंडी उत्तरे अशा सवलतींनी परीक्षेचा अडथळा कमी होतो, पण वैयक्तिक आराखड्याची नोंद त्याला पर्याय नसून जोडीला हवी. सलग तीन वर्षे मिळालेला ‘प्रगती समाधानकारक’ हा शेरा खोटा असतो असे नाही, पण मुलाला नेमके काय आले हे त्या शेऱ्यावरून पुढच्या वर्गशिक्षकाला सांगता येत नाही.

लक्षणीय दिव्यांगत्व (४० टक्के किंवा अधिक) असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंत आहे. पुढे अनेक जण संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे दिव्यांगांना देखरेखीखाली काम देणाऱ्या ठिकाणी, जातात. तिथल्या प्रशिक्षकाला टक्केवारीपेक्षा हे हवे असते: पाकिटे मोजून भरताना हा मुलगा दहापर्यंत चुकत नाही, त्यापुढे समोर ठोकळे ठेवले तर वीसपर्यंत जातो, आणि आवाज वाढला की काम थांबवतो.