घरातील बोन्साय : जातीची ओळख

बोन्साय हे कोणत्याही झाडाचे नाव नाही. जपानीत ‘बोन’ म्हणजे उथळ कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लागवड. छाटणी, तारबांधणी व मुळांची कापणी करून उथळ कुंडीत ठेंगणे राखलेले कोणतेही झाड बोन्साय ठरते. चीनमधील ‘पेंजिंग’ या जुन्या कलेतून ही पद्धत जपानमध्ये गेली. घरातच उगवणारी अशी जात निसर्गात कोठेही नाही. ज्या उष्ण व उपोष्ण प्रदेशांतील झाडांना हिवाळ्याच्या विश्रांतीची गरज नसते, ती घरातल्या कमी उजेडात व सारख्या तापमानात तग धरतात, एवढेच. पण दुकानातून आणलेल्या कुंडीवर बहुधा नुसते ‘बोन्साय’ लिहिलेले असते. तेवढ्यावरून त्या झाडाला ऊन किती हवे, पाणी किती चालेल, हे कळत नाही, म्हणून आधी जात ओळखावी लागते.

ओळखताना पहिली चूक होते ती पानाच्या आकारमानावर विसंबल्याने. कुंडीत मुळांना जागा कमी पडते आणि शेंडे वारंवार खुडले जातात, त्यामुळे पाने मूळ आकारापेक्षा लहान होतात. झाडाचा घाट तर माळ्याने दिलेला असतो, तो जातीबद्दल काही सांगत नाही. बदलत नाही ती पानांची मांडणी. फांदीवर पाने एकाआड एक आहेत की समोरासमोर, पान साधे आहे की अनेक पर्णिकांचे (एकाच देठावरच्या पानासारख्या लहान भागांचे) संयुक्त, कडा सलग आहे की दातेरी, शिरा कशा गेल्या आहेत, देठाशी पानाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत की तिरप्या, या खुणा बोटभर झाडातही मोठ्या वृक्षासारख्याच राहतात. फुले आणि फळेही पानांच्या प्रमाणात लहान होत नाहीत. ती आली तर ओळख जवळजवळ पक्की होते.

घरातील बोन्सायमध्ये फायकस, म्हणजे वड-पिंपळ-उंबराची प्रजाती, सर्वांत जास्त दिसते. पान तोडल्यावर पांढरा चीक येणे ही तिची पहिली खूण. मात्र चीक इतर कुळांतही असतो, म्हणून दुसरी खूण पाहावी : शेंड्याची कळी टोकदार उपपर्णांत (देठाच्या बुडाशी येणाऱ्या लहान पानासारख्या आवरणांत) गुंडाळलेली असते आणि ही आवरणे गळली की फांदीभोवती वर्तुळाकार वण उरतो. फुले शोधू नयेत. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही म्हणतात ते खरेच आहे, कारण सर्व फायकसांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोलकाच्या आत असतात.

एवढ्याने प्रजाती कळली, जात अजून उरते. पानाचे टोक लांब शेपटीसारखे निमुळते आणि देठ लांब असेल तर पिंपळ, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पान पातळ, फांद्या खाली झुकणाऱ्या, टोक लांब निमुळते आणि बाजूच्या शिरा पुष्कळ व बारीक असतील तर ते फायकस बेंजामिना. पान जाडसर, टोक बोथट किंवा आखूड, शिरा मोजक्या आणि खोडावरून पारंब्या सुटत असतील तर ते फायकस मायक्रोकार्पा, म्हणजेच आपला नांद्रुक. व्यापारात हेच झाड ‘फायकस रेतुसा’ या चुकीच्या नावाने सर्रास विकले जाते. ‘जिनसेंग’ नावाने मिळणारे, मुळे कंदासारखी फुगलेले झाडही नांद्रुकच असते. त्याचा कोरियाच्या औषधी जिनसेंगशी काही संबंध नाही. या झाडांवर बहुधा लहान पानांच्या वाणाचे कलम केलेले असते. त्यामुळे खालून फुटलेल्या धुमाऱ्याची पाने वरच्यांपेक्षा वेगळी दिसली तर कुंडीत दोन झाडे आहेत असे समजू नये. खोडावर कलमाचा वण शोधावा.

‘जेड’ या नावाने तर दोन वेगळ्या कुळांतील झाडे विकली जातात. दोन्ही दक्षिण आफ्रिकेची, दोन्हींची पाने मांसल व समोरासमोर. क्रॅसुला ओव्हाटाचे पान मोठे, साधारण 3 ते 9 सेंमी., आणि फांद्या जाड असतात. पोर्तुलाकारिया आफ्राची पाने जेमतेम 1 ते 2 सेंमी. आणि कोवळ्या फांद्या तांबूस, बारीक असतात. हा फरक घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर महत्त्वाचा आहे. क्रॅसुला त्यांना विषारी आहे, पोर्तुलाकारिया नाही.

पांढऱ्या बारीक फुलांच्या दोन झाडांचाही असाच घोटाळा होतो. कारमोनाची पाने एकाआड एक व गडद चकचकीत असतात, टोकाला दोन-चार दाते आणि वरच्या बाजूला बारीक पांढरे ठिपके असतात. याच पानांचा फिलिपिन्समध्ये औषधी चहा करतात. सेरिसाची पाने समोरासमोर व सलग कडांची असतात, आणि छाटताना किंवा मुळे कापताना तिला दुर्गंधी येते. तिच्या ‘फोएटिडा’ या जुन्या लॅटिन जातिनामाचा अर्थच दुर्गंधी असा आहे. उलट पान चुरगाळल्यावर लिंबाच्या कुळाचा सुगंध आला, पान संयुक्त असले आणि उजेडासमोर धरल्यावर तेलाचे ठिपके दिसले, तर ती कुंती असण्याचा संभव मोठा. कढीपत्ता तिचा जवळचा नातेवाईक.

चिनी एल्मची पाने दातेरी, एकाआड एक व देठाशी तिरपी असतात आणि जुन्या खोडाची साल खपल्यांनी निघून खाली नारिंगी डाग दिसतात. ते अनेकदा झेल्कोव्हा म्हणून विकले जाते, पण झेल्कोव्हाच्या पानाचा तळ बहुधा सरळ असतो. शेफ्लेराचे पान हाताच्या बोटांसारखे पसरलेले, ते चुकणे कठीण.

सुईसारखी टोचरी किंवा खवल्यांसारखी पाने असलेला जुनिपर मात्र घरातला नव्हेच. त्याला उघड्यावरचे ऊन आणि हिवाळ्याचा गारवा लागतो. तो मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो, आणि घेणाऱ्याला आपले काय चुकले हे कळतच नाही. अशी झाडे ‘घरासाठी’ म्हणून विकणे अन्यायाचे आहे.

एवढे पाहूनही शंका उरली तर झाडाची एक फांदी एक हंगामभर न छाटता मोकळी वाढू द्यावी आणि कुंडी उजेडात ठेवावी. अनेक बोन्सायना फुले क्वचित येतात, कारण ज्या शेंड्यांवर ती यायची ते आपणच खुडत असतो. मोकळ्या फांदीवर पाने मूळ आकाराच्या जवळ पोचतात आणि कधी कधी कळीही धरते. छायाचित्र काढायचे तर पूर्ण झाडाऐवजी याच फांदीचे जवळून काढावे. पानाची दोन्ही अंगे, देठाचा सांधा आणि खोडाची साल त्यात यायला हवी. कुंडी आली नाही तरी चालेल.