प्रवाळाची तालीम

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मंगळाचं पोवळं घ्यायला आलेल्या माणसाला तो लालभडक मणी दगडच वाटतो. माणिक-पाचूच्या रांगेत तो शोभतोही. पण माणिक जमिनीच्या पोटात तयार होतं आणि पोवळं, म्हणजेच प्रवाळ, समुद्रातल्या एका प्राण्याने बांधलेलं असतं. दागिन्यातलं अस्सल लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, अंधुक उजेडात वाढणारं. त्याचे भाऊबंद मात्र उथळ, उबदार, लख्ख उजेडाच्या पाण्यात राहतात आणि तिथे चुनखडीचे बांधच्या बांध उभे करतात. सध्या जीव टांगणीला लागला आहे तो या भाऊबंदांचा.

शहरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात, काचेच्या कपाटात, अशा प्रवाळाचा एक जुना तुकडा ठेवलेला आहे. मुठीएवढा, धुरकट पांढरा. त्यावर भिंग धरलं की शेकडो बारीक वाट्या दिसतात. आडव्या कापलेल्या मोसंबीत फोडींचे पडदे दिसावेत, तशा प्रत्येक वाटीत मध्याकडे जाणाऱ्या पातळ भिंती. एकेक वाटी म्हणजे एकेका जिवाचं घर, आणि त्यातले बरेच जीव ज्वारीच्या दाण्याएवढे. समुद्रतळाचा एक टक्काही न व्यापणाऱ्या या बांधांवर समुद्रातल्या सुमारे 25 टक्के प्रजाती आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर अवलंबून असतात, हे त्या वाट्या बघताना खरं वाटत नाही.

हे चालतं कशावर? कोल्हापुरात खुराक म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रवाळाचा खुराक त्याच्या अंगातच पिकतो. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात, उन्हावर साखर तयार करतात आणि प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा पुरवतात. बदल्यात त्यांना आसरा आणि प्रवाळाच्या शरीरातून निघणारी खतं मिळतात. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंगही बहुतेक त्यांचाच.

पाणी प्रमाणाबाहेर तापलं की शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होऊ लागतात आणि प्रवाळ आपल्या अन्नदात्यालाच अंगाबाहेर टाकतो. मग त्याच्या पारदर्शक मांसातून खालचा चुना दिसू लागतो. यालाच विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. असा पांढराफटक प्रवाळ मेलेला आहे असं आपण समजतो, पण तो अजून जिवंत असतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवालं पुन्हा वस्तीला येतात.

किती ताप सोसवतो, याचा हिशेब अमेरिकेची नोआ ही समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था उपग्रहांच्या मदतीने ठेवते. त्या जागी वर्षातला जो सर्वांत उबदार महिना, त्याच्या सरासरीपेक्षा 1 अंश जास्त तापमान आठवडाभर राहिलं की एक एकक धरायचं. 12 आठवड्यांत अशी 4 एककं साठली की ठळक विरंजन होतं, 8 साठली की मरतूक सुरू होते. एखाद्या दुपारचा कडाका प्रवाळ सोसतो. साचत जाणारा ताप त्याला सोसवत नाही.

इथे मला तालीम आठवते. पहाटे जोर-बैठका, मग खुराक, मग झोप. अंग कमावलं जातं ते मेहनत आणि विसावा यांच्या फेऱ्यांतून. प्रशांत महासागरात, अमेरिकन सामोआच्या ओफू बेटावर निसर्गाने प्रवाळांसाठी अशीच तालीम घातली आहे. तिथल्या काही उथळ डोहांचं पाणी ओहोटीच्या वेळी 34-35 अंशांपर्यंत तापतं आणि भरती आली की निवतं. सागरी जीवशास्त्रज्ञ स्टीव्ह पालुम्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या थंड डोहातले प्रवाळ या तापट डोहात नेऊन लावले. दोन वर्षांच्या आत त्यांची उष्णता सोसण्याची ताकद स्पष्टपणे वाढली. 2014 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मूळच्या रहिवाशांची पूर्ण बरोबरी त्यांना करता आली नाही, म्हणजे काही ताकद कमावलेली असते आणि काही वंशातून आलेली.

ऑस्ट्रेलियात प्रवाळ-संशोधक मॅडलीन व्हॅन ओपेन यांच्या गटाने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. त्यांनी तालीम दिली ती शैवालांना. 4 वर्षं प्रयोगशाळेत 31 अंशांवर वाढवलेले 10 वाण त्यांनी प्रवाळाच्या पिल्लांना दिले, त्यांतल्या 3 वाणांनी पिल्लांची सहनशक्ती वाढवली. मला यात खूप आशा दिसते. पण प्रयोगशाळेतल्या पिल्लांपासून शेकडो किलोमीटरच्या बांधांपर्यंतचं अंतर फार मोठं आहे.

आणि विसावाच मिळाला नाही तर कुठलीही तालीम अंगी लागत नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच जागी तीव्र विरंजन 25-30 वर्षांतून एकदा व्हायचं. ते अंतर आता साधारण 6 वर्षांवर आलं आहे. लक्षद्वीपमध्ये 1998 पासून 24 वर्षं नोंदी ठेवणाऱ्या भारतीय संशोधकांना तिथला जिवंत प्रवाळ जवळपास निम्मा झालेला आढळला. त्याच नोंदी सांगतात की बांध खऱ्या अर्थाने सावरू लागतात ते सलग 6 वर्षं शांततेची मिळाल्यावर. सावरायला 6 आणि पुढचा तडाखाही 6 वर्षांनी. 2023 मध्ये सुरू झालेल्या जागतिक विरंजनाच्या लाटेत तर जगातल्या 80 टक्क्यांहून जास्त बांधांना झळ लागली.

आपल्याला सर्वांत जवळचे प्रवाळ मालवणचे. गगनबावड्याचा घाट उतरून सुट्टीला जाणारे आपण कोल्हापूरकर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरतो, तो परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पावसाळ्यात इथे नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी, उन्हाळ्यात ताप, आणि त्यावर बोटींचे नांगर. गढूळपणामुळे ऊन थोडं अडतं, तो काही प्रवाळांना आधारही ठरतो. नांगराच्या फटक्यात मात्र काही फायदा नाही. विसाव्याची जी थोडी वर्षं मिळतात, तीही तुटलेलं सांधण्यात जातात.

मी उतरलो तेव्हा एका प्रवाळाची कड ताजी तुटलेली होती, आतला चुना खडूसारखा पांढरा. नकळत माझा हात पुढे गेला. वाटाड्याने मनगट धरून तो मागे घेतला आणि वर आल्यावर म्हणाला, "हात लावू नकात, जिवंत आसा ता."